शिबिराच्या आदल्या संध्याकाळी

नेत्रतपासणी शिबिराच्या फोटोत डॉक्टर दिसतात, पाहुणे दिसतात, डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेल्या आजी-आजोबांची रांग दिसते. पण शिबिराचं निम्मं काम आदल्या संध्याकाळीच झालेलं असतं. जामखेड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर आशाताई, म्हणजे गावची आरोग्यसेविका, घरोघर फिरते, तेव्हा.

"आजी, नीट दिसतं का?" असा थेट प्रश्न मुरलेली आशाताई टाळते. उत्तर ठरलेलं असतं: "दिसतंय की बाय, चाललंय माझं." मुलाला खर्च नको, सुनेला घोर नको. म्हणून आशाताई ओसरीवर टेकते आणि बघत राहते. आजीनं निवडलेल्या डाळीत खडे राहिलेत का? चहाचा कप ती चाचपून घेतेय का? मग एका डोळ्यावर तळहात ठेवायला सांगून बोटं मोजायला लावते. "दोन." बरोबर. आता दुसरा डोळा. इथं पुष्कळ घरांत एकदम शांतता पसरते. "अगं, ह्यानं तर काहीच दिसंना!" एका डोळ्यावर काम भागत असल्यानं दुसरा कधी गेला, हे खुद्द आजीलाही ठाऊक नसतं.

नाव लिहून घेणं सोपं, दवाखान्याच्या गाडीत बसवणं अवघड. या भागातली तरणी माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. घरी उरतात म्हातारी माणसं, नातवंडं आणि शेळ्या. ऑपरेशनला सोबत कोण येणार? शेळ्यांना चारापाणी कोण करणार? ही गाठ कुठल्याही यंत्रानं सुटत नाही. आशाताई शेजारणीला गळ घालते, तेव्हा सुटते. माझ्या मते शिबिराचं यश तिथंच ठरतं.

जामखेडला हे नवं नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली इथं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानंच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवलं. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या बाईला गाव उंबऱ्याच्या आत घेतं, तीच आजार लवकर गाठते, हे जामखेडनं तेव्हाच दाखवून दिलं होतं.

शिबिरात मग सहा मीटरवरचा तक्ता येतो. अक्षरओळख नसलेल्यांसाठी त्यावर वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेली चिन्हं असतात, हातानं दिशा दाखवायची. कमी दिसलं तर बारीक छिद्राच्या चकतीतून पुन्हा बघायचं. छिद्रातून स्पष्ट दिसलं तर बहुधा चष्म्यावर भागतं. नाहीतर मोतीबिंदू, काचबिंदू किंवा पडद्याचा आजार शोधावा लागतो. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या दर तीन अंधांपैकी सुमारे दोघांच्या अंधत्वामागे मोतीबिंदू होता. तो ऑपरेशननं बरा होतो. तरीही "अजून पिकू द्या" म्हणत लोक वर्षं घालवतात. आजच्या शस्त्रक्रियेला तो पिकावा लागत नाही. उलट फार पिकला तर ऑपरेशन अवघड होतं.

काचबिंदूनं गेलेली नजर मात्र परत येत नाही आणि सुरुवातीला तो कळतही नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासत राहा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडदा दाखवाच. आणि आज घरातल्या आजी-आजोबांना भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर बसवा, एकेक डोळा झाकून तारीख वाचायला सांगा. एखाद्या डोळ्यानं वाचता आली नाही, तर शिबिराची वाट बघू नका, दवाखान्यात न्या.