वजन एकीचे, कारणे समाजाची

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात तीर्थपुरी हे गाव आहे. अशा गावातल्या दोन स्त्रिया आपण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. दोघींची उंची १५० सेंटिमीटर, वय चाळिशीचे. एक रोजाने कापूस वेचायला जाते. तिचे वजन ४० किलो. दुसरीच्या घरचे दुकान आहे, पाणी नळाला येते, दळण गिरणीत जाते. तिचे वजन ६३ किलो. पहिलीला लोक ‘हडकुळी’ म्हणतात, दुसरीला ‘बसून खाणारी’. जणू वजन म्हणजे स्वभावच!

किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की शरीरभार निर्देशांक मिळतो. पहिलीचा येतो १७.८, दुसरीचा २८. १८.५ पेक्षा कमी म्हणजे कमी वजन, २५ किंवा अधिक म्हणजे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.८ टक्के कमी वजनाच्या, तर २३.४ टक्के जादा वजनाच्या किंवा लठ्ठ आढळल्या. म्हणजे आपल्या दोघीही अपवाद नाहीत. देशभरात जादा वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण २००५-०६ मध्ये १२.६ टक्के होते. ते २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाले. पंधरा वर्षांत कोट्यवधी स्त्रियांची आनुवंशिकता बदलत नाही आणि सगळ्या एकदम आळशीही होत नाहीत. बदलते ती राहणी.

ती कोणाची जास्त बदलली? देशात शहरी स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३३ टक्के, तर ग्रामीण स्त्रियांत सुमारे २० टक्के आहे. वय आणि घरची सुबत्ता वाढते तसे तेही वाढते. जाते, रहाट आणि सरपण गेले. कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण तेल-साखर स्वस्त झाली आणि बाईला स्वतःसाठी फिरायला ना वेळ, ना मोकळी जागा. सर्वांत शेवटी जेवण्याची रीत गरीब घरात तिला उपाशी ठेवते, तर भरल्या घरात उरलेले संपवायला लावते.

इथे एक सावधगिरी हवी. संबंध म्हणजे कारण नव्हे. जास्त मुले असलेल्या स्त्रियांचे वजन जास्त दिसले, तर त्या वयानेही मोठ्या असतात हे विसरू नये. एकाच वयोगटात तुलना केल्यावरच बाळंतपणाचा परिणाम वेगळा काढता येतो. सुबत्तेचेही तसेच. सोबल आणि स्टंकर्ड यांनी १९८९ मध्ये १४४ अभ्यास तपासले. विकसनशील देशांत सधन स्त्रिया अधिक स्थूल होत्या. विकसित देशांत मात्र गरीब स्त्रिया. तेव्हा पैसा स्वतः चरबी बनवत नाही. त्या समाजात पैशाने काय मिळते आणि काय टळते, यावर सारे ठरते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मुलींना सर्वांसमोर काट्यावर उभे करू नका. त्याऐवजी प्रत्येकाने आजीचा तिच्या तरुणपणीचा आणि आईचा आजचा दिवस तासांनुसार लिहून आणावा: कष्ट किती, बसणे किती, स्वतःसाठी वेळ किती. दोन्ही रकाने शेजारी मांडले, की ‘बसून खाणारी’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी मुले नक्कीच थांबतील.