जुना राखणदार

लातूर तालुका कोणत्या जिल्ह्यात? ऑगस्ट १९८२ पूर्वी उत्तर होते उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. मग लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. समजा, अर्ज तपासणाऱ्याने जुनाच नियम चालू ठेवला, तर बरोबर अर्जही तो चूक ठरवील. राखणदारच वाट अडवील!

संगणकाच्या आज्ञावलीतही असे घडते. ‘सेफ’ या प्रणालीत फाइलचे तुकडे व त्यांच्या प्रती अनेक संगणकांवर ठेवतात. एखादा संगणक बंद पडतो, तार तुटते. म्हणून पावलोपावली तपासणी हवीच.

पण लिनक्समधील सेफमध्ये आणखी एक तपासणी होती. दोष शोधणाऱ्यांना माहिती दाखवणाऱ्या खास फायली तयार झाल्या का? नसल्यास साठा जोडूच नका! वास्तविक त्या फायली नसल्या, तरी तुमची माहिती सुरक्षितच असते. शिवाय अपयशाची खूणही बदलली. पूर्वी शून्य मिळे, नंतर चुकीचा संकेतांक मिळू लागला. शून्याची वाट पाहणारी तपासणी निरुपयोगी झाली. २०१९ मध्ये ती काढून टाकली.

मग हवी ती तपासणी काढावी का? मुळीच नाही! लिहिलेले डिस्कवर पोहोचले का, ही तपासणी काढली तर माहितीच गमवाल. म्हणून आधी विचारा: ही चूक आता घडू शकते का? घडली तर नुकसान कोणते? दुसरे कोणी ती पकडते का?

शाळेतील एखादा जुना अर्ज घ्या आणि त्यातल्या प्रत्येक अटीला हेच प्रश्न विचारून पाहा.