बापूकुटीच्या पलीकडची शाळा

सेवाग्रामला येणारे लोक बापूकुटी पाहतात, आदिनिवासासमोर फोटो काढतात आणि पवनारच्या रस्त्याला लागतात. आश्रमाजवळच नई तालीमच्या आवारात आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा भरते. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही, याची चुटपुट वाटते.

इतिहास बहुतेकांना माहीत आहे. १९३६ मध्ये गांधीजी इथे राहायला आले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याचा, आराखडा केला आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसने तो मान्य केला तो हरिपुऱ्याला, म्हणजे आपल्याच सुरत जिल्ह्यात. आर्यनायकम आणि आशादेवी यांनी इथली शाळा उभी केली. मधल्या काळात ती बंद पडली. सुषमा शर्मांच्या पुढाकाराने २००५ साली ती पुन्हा सुरू झाली.

आठवड्याची घडी कामांवर बसलेली आहे. सफाई, प्रार्थना, शेती, स्वयंपाकघरातली पाळी, कताई आणि यांच्या जोडीने पाठ्यपुस्तकं. भाजीच्या वाफ्यात काय लावायचं, किती बी लागेल, ते मुलं आपसांत ठरवतात. वाफा मोजला की क्षेत्रफळ येतं, भाजी तोलून वहीत मांडली की हिशेब येतो. कीड पडली तर का पडली, हे शोधणं हाच त्या आठवड्याचा विज्ञानाचा पाठ. जुन्या शाळेत मुलं आपले मंत्री निवडत, स्वयंपाकाचा, सफाईचा, आरोग्याचा, आणि आमसभेत त्यांना जाब विचारत. आज काही खासगी शाळा असल्या गोष्टींची जाहिरात करतात!

मी सर्वांत जास्त रेंगाळलो ते कताईपाशी. घरच्या शेतातला कापूस मुलं लहानपणापासून पाहतात. इथे त्याचं सूत होताना पाहतात. सरकी काढायची, कापूस पिंजायचा, पेळू वळायचा, मग तकली किंवा चरखा. एका मुलीचं कातताना सूत सारखं तुटत होतं, पण तिने कुणाला हाक मारली नाही. पेळू उजेडात धरला, सैल वळला गेलाय हे तिचं तिलाच कळलं, तो मोडून तिने पुन्हा वळला. शिकवणाऱ्या ताई शेजारीच बसल्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. शिकवणाऱ्याचा एवढा धीर मी क्वचितच पाहिला आहे. एक गुंडी म्हणजे १००० मीटर सूत, ते किती दिवसांत होईल, हे गणित फळ्यावरून कधी कळलं नसतं. झाकीर हुसेन समितीने शाळेच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला दिली होती, ती कशासाठी हे तिथे बसल्यावर समजलं.

आणि मग आपला सुरतेतला पर्वत पाटिया आठवतो. डुंभाल, लिंबायत, उधना या पट्ट्यात खानदेशातून आलेल्या मराठी घरांचं पोट कापडावर चालतं. बाप लूमवर, आई घरी साडीला लेस लावते किंवा टिकल्या चिकटवते, आणि मुलगा शाळेत वस्त्रोद्योगावरचा धडा पाठ करतो. मीटर, वार, मजुरीचा दर, धागा तुटण्याची कारणं, एवढं शिकण्यासारखं घरात असताना शाळा त्याला ओळखसुद्धा देत नाही. घरच्या कामाची लाज मुलाला तिथूनच वाटू लागते, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांना मजुरीला जुंपा असं मी म्हणत नाही. नई तालीममध्ये काम हे शिकण्यासाठी असतं, मालकासाठी नव्हे.

सुरत महापालिकेच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांना एकच विनंती आहे. लूम चालवणाऱ्या एखाद्या पालकाला वर्गात बोलवा, ताणा-बाणा म्हणजे काय ते त्याच्या तोंडून मुलांना ऐकू द्या, आणि प्रश्न मुलांनाच विचारू द्या. आणि ही शाळा प्रत्यक्ष पाहायची तर सुरतेहून भुसावळमार्गे वर्ध्याला थेट गाडी आहे. सेवाग्रामला जाणार असाल तर सुटीचा वार टाळा, आधी विचारून शाळेत जा आणि मुलांना बरोबर न्या.