सायकल थांबायला किती जागा लागते?

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढताना स्पर्धकांच्या पायांचा कस लागतो. घाट उतरताना मात्र कस लागतो तो ब्रेकांचा! असे का?

वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ब्रेकांच्या घर्षणाने तिचे उष्णतेत रूपांतर झाल्यावरच सायकल थांबते. सपाट रस्त्यावर ताशी १८ किलोमीटर वेगाची सायकल ब्रेक दाबल्यावर ५ मीटरांत थांबत असेल, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाला २० मीटर लागतील. ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात अनुक्रमे ५ व १० मीटर मिळवा. एकूण झाले १० आणि ३० मीटर!

उतारावर व पावसात हे अंतर आणखी वाढते. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, वळण येण्यापूर्वीच वेग आवरा.