त्रिकोणी रोटर आणि तीन फुसकारे

बेगडेवाडी स्टेशनातून लोकल सुटली की घोरावडी यायला जेमतेम तीन-चार मिनिटं. त्यातली तीनच मिनिटं हिशेबाला घेऊ. मिनिटाला ६,००० फेऱ्या घेणाऱ्या एका रोटरच्या वांकेल इंजिनात तेवढ्या वेळात १८,००० वेळा पेट्रोल पेटतं. आत एकही व्हॉल्व्ह नाही, वर-खाली होणारा पिस्टन नाही. तरी सगळं सुरळीत असेल तर हे इंजिन इतकं मऊ चालतं की पिस्टनची सवय असलेल्या माणसाला आधी विश्वास बसत नाही. म्हणूनच ते थरथरायला लागलं की लगेच जाणवतं.

या लोकलने पिंपरी-चिंचवडला किंवा तळेगावला कामाला जाणाऱ्या कितीतरी जणांना इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे मधूनमधून पेटायचं चुकतंय, हे नुसत्या आवाजावरून कळतं. त्यांच्या हाताखालून गेलेली इंजिनं मात्र जवळजवळ सगळी पिस्टनची. वांकेलचं दुखणं वेगळ्या तऱ्हेने शोधावं लागतं आणि ती तऱ्हा भूमितीतूनच निघते. मला या इंजिनाचं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं ते इथेच.

जर्मनीच्या फेलिक्स वांकेलच्या कल्पनेवरचं पहिलं इंजिन १९५७ साली एनएसयू कंपनीत चाललं. जपानच्या माझदाने ते खऱ्या अर्थाने टिकाऊ केलं. कमरेत किंचित दबलेल्या अंडाकृती घरात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजेच रोटर, फिरतो. त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला घासत असतात, त्यामुळे घराचे तीन कप्पे पडतात. एका कप्प्यात हवा-पेट्रोल शिरत असतं, दुसऱ्यात ते दाबलं जात असतं किंवा पेटत असतं, तिसऱ्यातून जळका वायू बाहेर पडत असतो. त्रिकोणाची एक फेरी होईपर्यंत मधला शाफ्ट तीन फेऱ्या मारतो. म्हणजे शाफ्ट ६,०००ने फिरत असला तरी त्रिकोण २,०००नेच फिरतो, आणि त्याच्या तिन्ही बाजू प्रत्येक फेरीत एकेकदा पेटतात.

पेटण्याची जागा मात्र कधीच बदलत नाही. पिस्टनच्या सिलिंडरमध्ये थंड हवा जिथे शिरते तिथेच आग लागते, त्यामुळे प्लगला मधूनमधून गारवा मिळतो. वांकेलच्या घराची एक बाजू कायम गार आणि दुसरी कायम तापलेली. प्लग बिचारे तापलेल्या बाजूला. चार-स्ट्रोक इंजिनाचा प्लग शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी टाकतो, हा प्रत्येक फेरीला. त्यामुळे इंजिन मिसिंग करायला लागलं की पहिला संशय प्लगवर जातो, आणि तो रास्त आहे.

माझदाचं १३बी हे दोन रोटरचं, १,३०८ सीसीचं इंजिन. अमेरिकेत हौशी मंडळींनी ते घरी बांधलेल्या आरव्ही जातीच्या विमानांवर बसवून वर्षानुवर्षं उडवलं आहे. त्यात प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, कारण पेटणारा कप्पा लांबट आणि चपटा असतो आणि एका ठिणगीची आग त्याच्या शेवटापर्यंत वेळेत पोचत नाही. फिरण्याच्या दिशेने पुढचा तो लीडिंग, मागचा ट्रेलिंग. दोघांना वेगळे स्विच दिले तर तपासणी फार सुंदर होते. इंजिन खडखडतंय, ट्रेलिंग बंद करा. फेऱ्या किंचित उतरल्या तर ठीक, लीडिंग आपलं काम चोख करतोय. आता ट्रेलिंग चालू करून लीडिंग बंद करा. इथे फेऱ्या जास्त उतरणं स्वाभाविक आहे, कारण मुख्य काम त्याचंच. पण एखादा बंद केल्यावर इंजिन एकदम कोलमडलं, तर दोष त्याच्यात नाही, चालू राहिलेल्या दुसऱ्यात आहे. आणि बंद करून काहीच फरक पडला नाही, तर तो आधीपासूनच मेलेला होता. या दुसऱ्या शक्यतेला मी जास्त घाबरतो. मेलेला ट्रेलिंग प्लग आवाजात कळतही नाही आणि विमान एका ठिणगीच्या भरवशावर उडत राहतं.

ठिणगी ठीक असेल तर पेट्रोलकडे वळायचं. फिल्टरमधला कचरा, कमी पडणारा पंप, चोंदलेला इंजेक्टर या गोष्टी कुठल्याही गॅरेजमध्ये ओळखीच्या आहेत. विमानात त्यात उंचीची भर पडते. खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळ्याला आलं तरी हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ होते. १०,००० फुटांवर ती समुद्रसपाटीच्या पाऊणपटीइतकीच उरते. इंजिन जमिनीवर गोड चालत असेल आणि ठरावीक उंचीवरच अडखळत असेल, तर प्लग बदलत बसण्यात अर्थ नाही, मिश्रणाचं गणित तपासावं. उन्हात उभ्या राहिलेल्या विमानाने उड्डाणानंतर लगेच झटके दिले, तर इंजिनाच्या उष्णतेने पाइपातल्या पेट्रोलचे बुडबुडे होत असतील.

हे सगळं निस्तरूनही थरथर राहिली तर कॉम्प्रेशन बघावं लागतं. प्लग काढायचे आणि स्टार्टरवर इंजिन नुसतं फिरवायचं. प्लगच्या भोकातून हवा फुसकारते: फस्, फस्, फस्. त्रिकोणाच्या तीन बाजूंचे हे तीन फुसकारे. नेहमीचा कॉम्प्रेशन गेज इथे फसवतो, कारण तो तिघांतला सगळ्यात जोरदार आकडा धरून बसतो. प्रत्येक फुसकारा वेगळा ऐकावा किंवा मोजावा लागतो.

तिन्ही सारखेच पण दुबळे असतील तर एकूण झीज झाली आहे, किंवा स्टार्टरच मंद फिरतोय. तिघांतला एकच दुबळा असेल तर त्या बाजूच्या कडेच्या सीलवर संशय घ्यावा. आणि लागोपाठचे दोन दुबळे, तिसरा ठणठणीत? मग त्या दोघांमधल्या टोकाचं, म्हणजे अपेक्स सील गेलं. चाळीतल्या दोन खोल्यांमधली सामायिक भिंत पडली की दोन्ही बिऱ्हाडं उघडी पडतात, तसंच. टोकाचं सील एकटं, पण त्याच्या दोन्ही बाजूंना कप्पे आहेत. म्हणून एक सील मोडलं की दोन बाजू गळतात. इंजिन न उघडता, नुसत्या कानाने, आतला नेमका कुठला तुकडा मोडलाय हे सांगता येतं! पिस्टनच्या इंजिनात एका सिलिंडरचं दुखणं सहसा त्याच्यापुरतं असतं. इथे शेजाराचं नातं आकारातच आहे.

हे लांबच्या देशातल्या छंदिष्टांपुरतं नाही. घरी विमान बांधायची जिद्द आपल्याकडेही आहे: कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मुंबईकरांनी पाहिलं. आणि वांकेल इंजिनाला तर आपल्या राज्याचाही हात लागला आहे. ‘निशांत’ या वैमानिकविरहित विमानासाठी भारतात पहिलं वांकेल इंजिन घडवलं गेलं, ते तीन संस्थांनी मिळून. बेंगळुरूच्या एनएएल या हवाई संशोधन प्रयोगशाळेने गाभा केला: अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं ओतकाम आणि घराच्या आतल्या भिंतीवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर, म्हणजे टोकाची सीलं जिथे घासतात तीच भिंत. उड्डाणाच्या चाचण्या बेंगळुरूच्याच एडीई या संरक्षण संशोधन संस्थेकडे होत्या. आणि इग्निशन व इंधनपुरवठा, म्हणजे मिसिंग शोधताना ज्या दोन दारांवर आधी थाप मारायची ती दोन्ही, अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेने केली.

या इंजिनाला रोटर एकच, वजन सुमारे ३० किलो, ताकद ५५ अश्वशक्ती. दोन रोटर असले तर एक बिघडल्यावर दुसरा थोडा वेळ ओढून नेतो. इथे तो आधार नाही. शिवाय विमानात कुणी बसलेलंच नाही. थरथर पाठीला जाणवून स्विच बंद-चालू करून बघणारा हात नाही, की आवाजातला फरक टिपणारा कान नाही. वर गेल्यावर जे पायलटने शोधलं असतं, ते सगळं आधीच, जमिनीवर तासन् तास इंजिन चालवून शोधून संपवावं लागतं. तशा दमछाक करणाऱ्या चाचण्या झाल्यावरच परवानगी मिळाली. २९ मार्च २००९ रोजी कोलारजवळ हे इंजिन लावलेलं ‘निशांत’ उडालं, १.८ किलोमीटर उंचीवर गेलं, पस्तीस मिनिटं एकसारखं चाललं आणि एकूण चाळीस मिनिटांनी एका कोरड्या तलावात, ठरलेल्या जागी सुखरूप उतरलं.