वाघाची वाट सातबाऱ्यातून जाते

वन्यजीवांचा भ्रमणमार्ग म्हटलं की दोन अभयारण्यांना जोडणारी सरकारी जंगलाची पट्टी डोळ्यांसमोर येते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात हा समज टिकत नाही. राधानगरी, कर्नाटकातलं भीमगड आणि गोव्यातलं म्हादई यांच्यामधल्या या पट्ट्यातली बरीच झाडी खासगी किंवा सामाईक मालकीची आहे. 2020मध्ये घोषित झालेलं तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जेमतेम 29.53 चौरस किलोमीटरचं. त्यापलीकडे जायचं तर वाघाला लोकांच्या जमिनीतूनच जावं लागतं.

असेच आणखी काही समज इथे ऐकू येतात. ‘हे वाघ-हत्ती वनखात्यानंच आणून सोडलेत.’ नाही. 2002 साली दोडामार्गात हत्ती आले ते कर्नाटकातून, चालत. विदर्भात टिपेश्वर अभयारण्यातल्या एका रेडिओ कॉलर लावलेल्या वाघानं 2019मध्ये शेतं, नाले तुडवत ज्ञानगंगा अभयारण्य गाठलं, तेव्हा तो 1,300 किलोमीटरहून जास्त चालला होता.

‘हिरवं दिसतंय ना, मग जंगल शाबूत आहे.’ सगळ्यांत जास्त नुकसान या समजानं केलंय. रबराच्या बागेत शिरून बघा. एका मापानं लावलेली खोडं, चीक गोळा करायला बांधलेल्या वाट्या, खाली साफ केलेली जमीन. ऐन-किंजळाच्या रानात वेली असतात, करवंदीच्या जाळ्या असतात, लपायला आणि खायला असतं. ते रान तोडून रबर आणि अननस लावला की लांबून डोंगर हिरवाच दिसतो, पण वाट मोडते. उच्च न्यायालयाला 2013मध्ये या पट्ट्यात वृक्षतोडीवर बंदी घालावी लागली. 2024मध्ये त्याच न्यायालयानं इथली 25 गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित करण्याचे निर्देश दिले.

‘संवर्धनाला हो म्हटलं की जमीन सरकारजमा.’ वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002च्या दुरुस्तीनं ‘सामुदायिक राखीव क्षेत्रा’ची सोय झाली. खासगी वा सामाईक जमिनीचे मालक स्वखुशीनं पुढे आले, तरच ते घोषित होतं. मालकी त्यांचीच राहते. सामाईक जमिनीच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीनं नेमलेले किमान पाच जण असतात, वनखात्याचा एक; खासगी जमिनीच्या समितीत मालक स्वतः असतो, सोबत वनखात्याचा आणि पंचायतीचा प्रतिनिधी. मात्र एक अट नीट वाचून घ्यावी: पुढे जमिनीचा वापर बदलायचा, तर समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. हे बंधन खरंच आहे, ते लपवून संमती मागणं चूक ठरेल.

‘गावकऱ्यांना हे जमायचं नाही.’ दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याला जाऊन या. तिथल्या देवराईत जायफळाच्या कुळातली झाडं दलदलीत उभी आहेत आणि त्यांची मुळं गुडघा मुडपल्यासारखी चिखलातून वर येतात. देवाच्या नावानं गावानं ती राखली. 2021मध्ये या 2.59 हेक्टरला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. राखण त्याच्या कितीतरी आधीची.

पण नुसत्या श्रद्धेवर आजच्या बागायतदाराचं घर चालत नाही. हत्तीनं एका रात्रीत माड आणि केळी लोळवल्या, तर भरपाई त्याच हंगामात हातात पडली पाहिजे. आणि तुमच्या नावावर या पट्ट्यात वडिलोपार्जित रान असेल, मुंबईत बसून ते विकायचा विचार चालू असेल, तर व्यवहाराआधी एकदा गावच्या ग्रामसभेशी बोला.