जुलैचा रकाना

सकाळी 8. वसई पूर्व, वालीव. कर्जाची लिमिट वाढवून हवी असली की बँक पुढच्या वर्षाची प्रोजेक्टेड बॅलन्सशीट मागते. ती करायची माझ्या ऑफिसात, पण आधी मी गाळा बघते. प्लास्टिक मोल्डिंगची तीन मशीनं, एक ताडपत्रीखाली. "दिवाळीपासून उभं आहे, मॅडम," ऑपरेटर सांगतो.

9.30. दादांनी, म्हणजे मालकांनी, चहा मागवला. गेल्या वर्षीची विक्री 2 कोटी 60 लाख. लिमिट हवी 80 लाखांची. लघुउद्योगाची खेळत्या भांडवलाची लिमिट बँका नायक समितीच्या सूत्राने अंदाजित विक्रीच्या 20 टक्के धरतात. म्हणजे 80 लाखांसाठी विक्री 4 कोटी दाखवायची. "बसवा ना तेवढी." हे ऐकलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. बसवलेल्या आकड्यावर उचललेल्या पैशांचं व्याज खरंच कापलं जातं, आणि तारण म्हणून बहुतेकदा राहतं घर असतं.

मग एकेक महिना विचारत बसले. हातात पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, किती? दोन. पावसाळ्यात? दादा गप्प. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या थांबल्या, तेव्हा यांच्या मशीनच्या मोटारी भिजल्या होत्या. तरी जुन्या प्रोजेक्शनमध्ये बाराही महिने सारखे, वर्षाच्या विक्रीला बाराने भागून काढलेले. असला कागद बघून मला खरोखर राग येतो.

दुपारी 2. ऑफिस. नेहमीची गिऱ्हाइकं अधिक दोन पीओ, वजा पावसाळा : 3 कोटी 5 लाख. लिमिट 61 लाख, आणि त्याच सूत्रातल्या 5 टक्क्यांप्रमाणे सव्वापंधरा लाख दादांचे स्वतःचे. प्लास्टिकचा दाणा महागला तर काय, याचं वेगळं पान.

5. अहवालाचा मसुदा. एसएई 3400 हे आम्हा सीएंचं मानक इथे लागतं : गृहीतकं तपासायची, पण अंदाज खरा ठरेल असं म्हणायचं नाही. 1949 च्या सीए कायद्यातही, अंदाजाची हमी आपण देतोय असं वाटेल अशा रीतीने नाव वापरू देणं गैरवर्तन ठरतं. म्हणून आकड्यांआधी गृहीतकांचं पान लावते.

7.15. दादांचा फोन. "एकसष्टच?"

"एकसष्टच, दादा. तिसरं मशीन चालू झालं की पुन्हा मागू."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग जुलै अजून अडीच लाखांनी उतरवा. पाणी भरलं की चार दिवस शटर उघडत नाही."

फाइल पुन्हा उघडली. लिमिट साडेसाठ लाख.